व्याह्यांच्या घराची काजळी

ती. स्व. दादांस,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (इथला उंबरा उंच आणि चौकट बुटकी, त्यामुळे साष्टांग आल्याआल्याच घडला.) तुमचा गुडघा आणि वहिनींचा खोकला कसा आहे?

आपल्या लेकीच्या होणाऱ्या सासऱ्यांनी टेकडीवरचं हे जुनं दगडी घर दुरुस्त करून सुट्टीवाल्यांना भाड्यानं द्यायला काढलंय. तुम्ही आधी राहून पाहा, रविवारी आम्ही येतो, तिथेच लग्नाचं पक्कं करू, असं ते म्हणाले. समोर दरी, नदी, मेंढ्या, सगळं चित्रासारखं. खिडकी मात्र मूळची, म्हणजे वीतभर. एकानं दरी पाहायची आणि दुसऱ्यानं वर्णन ऐकायचं. जिना मूळचा, कड्या मूळच्या, खाटेची कुरकुरही मूळचीच असावी. इतका खर्च करून इतकी गैरसोय जपणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता तुमची बहीण. दुसऱ्याचं घर सोडताना ते आल्यापेक्षा स्वच्छ करून सोडायचं, ही तुमच्याच घराण्याची शिकवण (दवाखान्यातून घरी सोडलं तेव्हाही ती आधी खाट पुसूनच निघाली). मी फिरून येतो तर चुलीमागची काळीकुट्ट भिंत पांढरीशुभ्र. बिचाऱ्यांचं एवढंच राहून गेलं होतं, असं म्हणत ती घाम पुसत होती. शेजारची पितळी पाटीही तिनं लख्ख घासली होती, म्हणून मला वाचता तरी आली: ‘पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलीची मूळ काजळी. कृपया हात लावू नये.’ पाटी घासण्याआधी वाचायची असते, हे तिला सुचलं नाही.

दादा, तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरत नाही. लेकीची सोयरीक आपल्या हातानं मोडली म्हणून रडते आहे. वरवर मी तिची समजूत घालतो, पण भीती मलाही वाटते.

बाकी सर्व क्षेम. हवा उत्तम.

आपला,
मेहुणा

ता. क. तुम्ही नाटकांचे पडदे रंगवता, कोऱ्या फळीला शंभर वर्षांची करता. रंगांचा डबा घेऊन ताबडतोब यावं. पत्र आणणाऱ्या टॅक्सीवाल्याला तुमच्यासाठी थांबायला सांगितलंय.

पुन्हा ता. क. टॅक्सीवाला निघतोय तोच विहीणबाई एक दिवस आधी येऊन थडकल्या. भिंतीवर बोट फिरवून ते उजेडात धरून पाहिलं. मग हळूच तुमच्या बहिणीला म्हणाल्या, “कशानं घासलीत हो? मला आजवर यांनी बोटसुद्धा लावू दिलं नाही.” आता दोघी मिळून न्हाणीघराची काजळलेली भिंत घासताहेत, आणि लग्न पुढच्याच महिन्यात करायचं असं तिथेच ठरलंय. तुम्ही मात्र निघाच. काजळी आता दोन भिंतींची लागेल. व्याही उद्या येताहेत.