चार भिंती

३ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आपल्या शाळेचं नाव काढलं की तू ताटावरून उठतोस, तरी लिहिते आहे. मुख्याध्यापकीण झाले तरी तुझी धाकटीच ना मी.

बंद पडलेल्या दोरखंडाच्या कारखान्यात कामगारांनी अकरा मुलांवर ही शाळा काढली, हे तुला ठाऊकच आहे. आज दोनशे चौदा मुलं आहेत, पण हॉल तोच एक. पाच वर्ग एकमेकांना खेटून बसतात. आठवीतल्यांना नववीचा भूगोल फुकटात पाठ होतो. शिक्षणाधिकारी म्हणतात, की अठ्ठावीस तारखेपर्यंत वर्ग वेगळे करा, नाहीतर शाळा बंद. मग मुलांना नदीपलीकडे जावं लागेल. निम्म्या मुली घरीच बसतील. विटांच्या भिंती घातल्या तर मधल्या वर्गांत अंधार होतो. काही सुचतंय का?

लोभ आहेच, रागही असू दे.
तुझी छोटी

८ ऑगस्ट

चि. छोटीस,
अ. उ. आ.

नववीत सरांनी भर वर्गात सांगितलं, की याने बाक अडवू नये, याच्या हातांना झाडूच शोभेल. त्यानंतर मी तिथं पाऊल टाकलं नाही, टाकणारही नाही. पण भिंतींना पाय लागत नाहीत, त्या ट्रकमधून येतील.

लाकडाच्या, घडीच्या चार भिंती करतो. वर काच, म्हणजे उजेड अडणार नाही. आत काथ्या, म्हणजे आवाज अडेल. हॉल नऊ पावलं रुंद आहे, शिक्षा म्हणून रोज झाडलाय. तरी टेपने मोजून कळव. मापाच्या बाबतीत मी स्वतःवरही विश्वास ठेवत नाही.

जेवत जा वेळेवर.
दादा

२९ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

शाळा राहिली.

अधिकाऱ्यांनी आठवीला पाढे ओरडून म्हणायला लावले आणि स्वतः पलीकडे नववीत जाऊन उभे राहिले. तिथं एक मुलगी कविता वाचत होती. ती थांबली नाही. साहेबांनी शेवटच्या ओळीपर्यंत ऐकलं आणि तिथंच सही केली. मुलांनी चारी भिंती सरकवल्या आणि असा गोंगाट केला, की मी कोठीत जाऊन रडून घेतलं.

तुला झाडू दाखवणारे आपले जुने सर काठी टेकत आले होते. सगळे सांधे त्यांनी बोटांनी चाचपले, कारागीर कोण ते विचारलं. मी सांगितलं. मग दोनशे चौदा मुलांसमोर म्हणाले, की हा माझाच विद्यार्थी, याला मी ओळखलं नाही, चूक माझी. सुतारकामाचा तास सुरू करायचा ठरलाय. तू यावंस असं तेच म्हणाले.

उत्तराची वाट पाहणारी,
छोटी

२ सप्टेंबर

चि. छोटीस,
अ. उ. आ.

मला सुतारकाम शिकवणाऱ्या मिस्त्रींना तुझं पत्र वाचून दाखवायला घेतलं, पण अर्धंच वाचलं. पुढचं तुझ्या वहिनीनं वाचलं. ती दोनदा थांबली, मिस्त्री मात्र पुढचं ऐकायला हटून बसले.

सोमवारी येतो. हत्यारं माझी आणतो. सरांना नमस्कार सांग, आणि पहिल्या तासाला त्यांनीही बसावं असं माझं म्हणणं आहे. मुलं निवडताना गुणपत्रक पाहू नकोस. ज्यांना सगळ्यांनी सोडून दिलंय, ती आधी पाठव.

तुझा,
दादा