चार थरांचं घर

१२ एप्रिल, शनिवार
विजयमाला माहेरी, नांदूरघाटला गेली. रागावून नाही. उन्हाळ्याची विश्रांती. जाताना म्हणाली, तुमी दुकानात बी मशीन बघता, घरी बी मशीनच बघता, मी कुणाशी बोलू? प्रश्न बरोबर, टायमिंग चुकलं. मी सोल्डरिंग करत होतो.
संकल्प: ती यायच्या आत घर स्मार्ट करणे. सिरसाळ्यातलं पहिलं.

१५ एप्रिल, मंगळवार
मांडणी पक्की. चार थर. तळाला सेन्सर: दारावर, खोलीत, स्वयंपाकघरात. पंख्याला रिले, म्हणजे दुकानात बसून मोबाइलवरून पंखा चालू-बंद. त्यावर नेटवर्क, म्हणजे राउटर. त्यावर क्लाउड, सगळी माहिती तिथे जाऊन बसते. सगळ्यात वर ॲप, म्हणजे मी.
शेजारच्या गॅरेजातल्या फिरोजला समजावलं. पंक्चर काढत ऐकलं आणि म्हणाला, समदं ठीक हाय बे, वहिनीला आणायला कवा जातो?
ती आपणहून गेली, आपणहून येईल. आली की दारावरचा सेन्सर सांगेलच.
तिला फोन करून पंख्याचं सांगितलं. बरं, म्हणाली. प्रभावित झाली असावी.

२१ एप्रिल, सोमवार
स्वयंपाकघरातला तापमानाचा सेन्सर ॲपवरची रेषा हलवत नाही. उघडून तपासला. सेन्सर चांगला आहे. स्वयंपाकच नाही.
खोलीतला सेन्सर पालीला माणूस समजतो. 'घरात व्यक्ती आहे' असा मेसेज येतो. पहिल्यांदा दुकान उघडं टाकून पळालो. पाल होती. आता पळत नाही.
मेहुण्याचा, राधाकिशनचा फोन. म्हणाला, दाजी, एकदा या. आक्का तोंडानं म्हणायची न्हाई, पण गाडीचा टाइम झाला की रस्त्याकडं बघती. रविवारी नक्की येतो म्हणालो.

२७ एप्रिल, रविवार
गेलो नाही. राउटर पत्र्याखाली तापून बंद पडला. कुठली वस्तू कुठे बसवायची, यातच अर्धी सिस्टिम असते, हे लोकांना कळत नाही. फळीवरची विजयमालाची बांगड्यांची पेटी खाली ठेवली, राउटर तिथे बसवला. रेंज उत्तम. पुढच्या रविवारी जायचंच.

६ मे, मंगळवार, दुपार
गेल्या रविवारचं राहू दे. आजचा दिवस मोठा!
मोबाइलवर आलं: दार उघडलं. मग: घरात व्यक्ती आहे. मग: पंखा चालू. पायरीपर्यंत गेलो. पण मी डोकं चालवलं. दाराला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. म्हणजे व्होल्टेजचा झटका, पाल आणि चिकटलेला रिले. इथूनच पंखा बंद केला. परत चालू झाला. परत बंद केला. परत चालू. मीही हटलो नाही. शेवटी पंखा बंदच राहिला, बऱ्याच वेळाने दार लागलं, खोली रिकामी. दुकानाची पायरी न उतरता दुरुस्ती!
फिरोज म्हणाला, जाऊन तर बघ बे, गल्लीच्या तोंडाशी घर हाय. म्हणालो, जावं लागलं तर सिस्टिम कशाला?

त्याच दिवशी, संध्याकाळ
समोरच्या भिवराबाई दारातच भेटल्या. म्हणाल्या, विजू आलती की दुपारच्या गाडीनं. कुणी आणायला गेलं न्हाई, तरी एकलीच आली बिचारी. पंखा लावला की बंद हुतो म्हणली. मी म्हणलं, लाइट गेली आसंल. तर म्हणली, लाइट हाय, त्येंनीच बंद केलाय. घामानं नुसती भिजलती. माज्याकडं पाणी पिली अन् परतीच्या गाडीनं गेली.
दुसरी किल्ली तिच्याकडे असते, हे माझ्या लक्षात राहायला हवं होतं. पण तिने आधी फोन करायला नको?
ओट्यावर परातीत कणीक मळून ठेवलेली. वरून सुकली होती. फेकवली नाही.

१० मे, शनिवार
ती फोन उचलत नाही. नांदूरघाटला रेंजचा प्रॉब्लेम असणार. राधाकिशनने उचलला. उद्या येतो म्हणालो. या, म्हणाला. दाजी म्हणाला नाही.

११ मे, रविवार, रात्री
गेलो. गाडीत बोलायचं सगळं पाठ केलं होतं. तिने पाणी दिलं, चहा दिला, ऊन लई हाय म्हणाली. मी पाल, व्होल्टेज, रिले, चारही थर समजावले. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, आधी वाटलं तुमी जाणून केलं, लई रडले. मग ध्यानात आलं, मी घरात हाय हेच तुमाला कळलं नसंल. जाणून केलं असतं तर भांडले असते. आता काय भांडू?
भांडली असती तर बरं झालं असतं. चल म्हणालो. ती कप उचलून आत गेली ती बाहेर आलीच नाही.
निघताना सासूबाईंनी दशम्यांचं फडकं हातात दिलं. गाडीत सोडलं. दशम्या गार होत्या, म्हणजे सकाळीच केलेल्या, मी तिथे पोचायच्याही आधी. एकट्यापुरत्या होत्या.