बाळ येशूचा चेहरा

बडोदा, १२ एप्रिल १९८३

चि. सौ. महानंदा, तुला आणि आपल्या तान्ह्या बसूला वीरभद्राचे आशीर्वाद.

मी खुशाल हाय. इथली आमटी लई गोड, पण पोट भरतं. अव्वाचे गुडघे कसे आहेत? पाण्याचा टँकर रोज येतो का?

काल चित्रकलेच्या वर्गात सरांनी पडद्यावर युरोपातली चित्रं दाखवली. जुन्या चित्रात आईच्या मांडीवरचा बाळ येशू सुरकुतलेल्या म्हाताऱ्यासारखा होता. पुढं दोनएकशे वर्षांनी चित्रकार खरी लेकरं बघून रंगवू लागले. त्यांचं बाळ गुबगुबीत, मांड्यांना वळ्या.

पहिल्या चित्राला सगळे हसले. मला हसू आलं न्हाई. "बसू म्हाताऱ्यागत दिसायलाय," असं तू मागल्या पत्रात लिहिलं होतंस. मी ती थट्टाच समजलो होतो, लेकरू सुकत चाललंय हे ध्यानात आलं न्हाई.

सरांनी विचारलं, "वीरभद्र, बरं वाटत नाही का?" मी उठून बाहेर गेलो आणि रडलो.

लेकराला लातूरला ने. जिल्हा झाल्यापासून तिथं मोठे डॉक्टर आलेत म्हणतात. माझी अव्वा जुन्या वळणाची, विभूती लावून थांबा म्हणेल, थांबू नको. हे पत्र माझा सोबती सिद्धेश्वर घेऊन येतोय, त्याच्यासंगंच निघ.

परीक्षा राहू दे. परवा रजा मिळाली की मी गावाकडं न येता सरळ दवाखान्यात येतो. तुम्ही दोघं तिथंच असा.

तुमचा,
वीरभद्र