मंगलला कुठं बसवलं?

२७ ऑक्टो.
सेमिनारच्या चिठ्ठ्या निघाल्या. रूमवरच्या वैशालीला फ्रेंच राज्यक्रांती, आयती. मला काय, तर 'अमेरिकेतील चिकानोंना मिळालेली भेदभावाची वागणूक'. अंबाजोगाईत बसून चिकानो कुठून शोधायचे! सर म्हणाले, लायब्ररीत बघ.

२९ ऑक्टो.
घाटनांदूरवरून गावाकडं जाऊन आले. विहिरी कोरड्या, टँकर येईल तेव्हा पाणी. आई-दादा (वडिलांना आम्ही दादाच म्हणतो) उद्या टोळीबरोबर ऊस तोडायला निघणार. धाकट्या बहिणीला, मंगलला सांभाळायला घरी कुणी नाही, म्हणून ती पण. तिसरीत आहे. तिकडच्याच शाळेत घालणार म्हणे. 'नका नेऊ तिला,' म्हणून बघितलं मी. बाईसाहेब मात्र खूश, ट्रॅक्टरवर बसायला मिळणार! दप्तरात पुस्तकांआधी टिकल्यांचं पाकीट.

२ नोव्हें.
सापडले. चिकानो म्हणजे अमेरिकेतले मेक्सिकन वंशाचे लोक. त्यांच्यातले कितीतरी पिकं काढायला या मळ्यातून त्या मळ्यात. पोरांना शाळा वेगळी. का, तर भाषा धड येत नाही, अस्वच्छ असतात, हंगाम संपला की जाणारच आहेत.
वाचता वाचता हसूच आलं. अगं बाई, हे तर माझे चौथीतले मास्तर! तेव्हा मीही आई-दादांबरोबर ऊसतोडीला गेलेले, कारखान्याच्या गावची ती शाळा. तोडणीवाल्यांची पोरं ओसरीत, गोणपाटावर. मी 'गेलते' म्हटलं की आतली पोरं फिदीफिदी. आणि मास्तर, "बीडची पोरं ही, आज ना उद्या जाणार. कशाला बाक अडवायचे?"
हे सेमिनारमध्ये सांगायचं? छे! हॉस्टेलवर सगळ्यांना सांगून बसलेय, दादा कारखान्यात नोकरीला आहेत म्हणून.

६ नोव्हें.
नवीन सापडलं. काही गावांत पोहण्याच्या तलावात मेक्सिकनांना आठवड्यातून एकच दिवस. तो दिवस झाला की तलाव रिकामा करून नवं पाणी. वैशालीला वाचून दाखवलं. हॉस्टेलला सध्या माणशी अर्धी बादली. ती ताडकन उठून बसली.
"अख्खा तलाव सांडला? येडे हायेत का ते? टँकरच्या रांगेत उभं करा मेल्यांना!"

१० नोव्हें.
झालं एकदाचं. सुरुवातीला कागदावरून मान वर केलीच नाही. वेगळ्या शाळा सांगितल्या, तलाव सांगितला. मागच्या बाकावरून प्रश्न, "सर, ते सांडलेलं पाणी गेलं कुठं?" सगळा वर्ग हसला, सरही. माझी भीतीच पळाली. आणि बोलून गेले, "असं ओसरीत मीही बसलेय. माझे आईवडील ऊस तोडतात."
वाटलं, गेली आपली अब्रू.
तेवढ्यात वैशाली उभी. "सर, माझे बी."
हीच ती, जिचे वडील पहिल्या वर्षापासून 'कारखान्यात सुपरवायझर'!
रूमवर येऊन पोट दुखेपर्यंत हसलो.
"थापाडे, तुझे दादा नोकरीला व्हते ना?"
"आन् तुझे सुपरवायझर?"
थोडं रडलो पण. लई हलकं वाटलं.

१३ नोव्हें.
कोपीवरून, तिकडच्या पाचटाच्या झोपडीवरून, आईचा फोन. मंगलचं नाव घातलं शाळेत.
"बसवलं कुठं तिला?"
"काय म्हाईत. मी दारातूनच माघारी आले."
"उद्या आत जाऊन बघ. ओसरीत असली तर बाईंना म्हणावं, आत बाकावर बसवा."
"आगं, मी कोयतेवाली. मला कोण आत येऊ देतंय?"
"आई, भरल्या वर्गात सांगून आलेय मी, माझी आई ऊस तोडती म्हणून. जा तू."
मग हळूच म्हणाली, "सुमे, लुगडं कोणतं नेसू?"
हिरवं, म्हटलं. पेटीतलं.