फाइल कोणी उघडली

प्रिय भिंगे,

शनिवारची दुपार आहे. खाली कारखान्यात यंत्रं बंद आहेत आणि वरच्या मजल्यावर मी एकटीच बसले आहे. चौदा वर्षं जिच्याशी रोज बोलले तिला पत्र लिहायचं म्हणजे विचित्रच, तीन कागद फाडून झाले. पण समोर बोलायला आले असते तर तू मधेच काहीतरी बोलून हसवलं असतंस आणि मी नेहमीसारखी मुद्द्याला बगल दिली असती. तेव्हा शेवटपर्यंत वाच, मग काय बोलायचं ते बोल.

नवीन सॉफ्टवेअर आलं तो पहिला आठवडा तुला आठवत असेल. माझ्या हजेरी विभागाचं नाव बदललं, बाकी काही नाही. पण त्या संगणकाच्या यंत्राने आपणहून दोनशे बारा जणांच्या फोनवर निरोप धाडला, ‘आपल्या नोंदीत बदल झाला आहे. आवश्यक ती कार्यवाही करावी.’ झालं! पॅकिंगचे काका कपाट रिकामं करून, डबा, चपला आणि लेकीचा फोटो पिशवीत घालून माझ्यापुढे येऊन उभे. “बाई, एकवीस वर्षं झाली. काढायचं तर तोंडावर सांगायचं होतं.” मी शपथा घेतल्या, तेव्हा म्हणाले, “मग एवढंच सांगा, मला काही करायचंय का?” तू दारात उभी राहून हसत होतीस, पण चहाला बसल्यावर म्हणालीस, “हजेरी, काकांनी तुझं अर्धं काम केलं. काय झालं, कोणी केलं, आता मी काय करायचं, एवढं कळलं की माणूस घाबरत नाही.” पुढे साहेबांनी सगळे निरोप नव्याने लिहायचं काम माझ्याच गळ्यात मारलं. रजा मंजूर झाली की कोणाला कळवायचं, कागद अपुरा असला की किती दिवसांनी आठवण द्यायची, सगळं मी ठरवू लागले.

निरोप सोपे झाले, पण माणसं काही सोपी झाली नाहीत. सगळ्यांना वाटायला लागलं की यंत्राच्या मागे मी बसले आहे आणि मला सगळं दिसतं. मी कॅन्टीनमध्ये शिरले की बोलणं एकदम हवापाण्यावर यायचं. ड्रायव्हरने तर मला विचारलं, “बाई, फोन घरी ठेवून आलो तरी कळतं का हो?” मी हसले. पण रोज कोणीतरी आपल्याकडे संशयाने बघायला लागलं की आपणही तसंच बघायला शिकतो. ते मला फार उशिरा कळलं.

आणि मी सगळ्यात आधी बघितलं ते तुझ्याकडे. दर दुसऱ्या गुरुवारी तुझी अर्ध्या दिवसाची रजा, कारण ‘वैयक्तिक’. फोन आला की तू जिन्यात जायचीस. एकदा साहेबांच्या खोलीत वीस मिनिटं बसलीस आणि बाहेर आल्यावर मला म्हणालीस, “काही नाही गं, काचांच्या ट्रेचा हिशेब.” ट्रेच्या हिशेबाला दार लावून घेतात होय? त्याच सुमारास पलीकडच्या नव्या कारखान्यात तुझ्यासारख्या भिंगातून काचा तपासणाऱ्यांची भरती निघाली होती. माझ्या मनात पाल चुकचुकली. भिंग चालली, आणि मला सांगतसुद्धा नाही. नोकरी सोडण्याचा राग नव्हता गं. बसच्या रांगेत, माझ्या आईच्या आजारपणात, तुझ्या घर बदलण्यात, कुठे म्हणून आपण एकमेकींना सोडलं नाही, आणि आता हे मला राजीनाम्याच्या निरोपावरून कळणार, ह्या विचाराने डोकं फिरलं.

मग एका गुरुवारी, तू गेल्यावर, मी तुझी फाइल उघडली. निरोप नीट जातात का ते तपासायचंय, असं स्वतःला सांगितलं. आतला वैद्यकीय भाग बंद होता. तो फक्त साहेबांना आणि गरज पडली तर मला उघडता येतो. गरज नव्हती, तरी उघडला. डॉक्टरांचा कागद समोर आला. उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज, दर पंधरा दिवसांनी तपासणी, गरजेप्रमाणे डोळ्यात इंजेक्शन. खाली साहेबांच्या हातचं, ‘कामात बदल नको, ही त्यांची विनंती. गुप्त ठेवावे.’ तू काचेतला केसाएवढा ओरखडा पकडणारी, तुझ्याच डोळ्याला हे व्हावं! त्याच दिवशी येऊन तुला मिठी मारायला हवी होती. पण मग कळलं कसं, ते सांगावं लागलं असतं. म्हणून गप्प बसले. आणि तुझ्या पुढच्या रजेच्या गुरुवारी पुन्हा उघडली, डॉक्टरांनी नवीन काय लिहिलंय बघायला. त्यानंतर पुन्हा.

आता जे लिहिते आहे ते ह्याहून वाईट आहे. तुझ्या हातून एखादी काच चुकीची गेली तर सगळं बाहेर येईल, ह्या भीतीने मी तुझ्या विभागातल्या सगळ्यांत लहान मुलीला, धाकटीला, बाजूला घेतलं आणि सांगितलं, “ताईंच्या ट्रेवर गुपचूप एक नजर टाकत जा. का ते विचारू नकोस.” तिने विचारलं नाही. तू मात्र आठवड्याभरात ओळखलंस. तू मला येऊन सांगितलंस, “ही पोर माझ्या मागे माझे ट्रे उपसते. माझी जागा हवीय तिला.” मी मान डोलावली. भिंगे, मी चक्क मान डोलावली! तू साहेबांकडे गेलीस, आणि तिची पॅकिंगला बदली झाली. जाताना ती माझ्या टेबलापाशी क्षणभर थांबली. मला वाटलं, आता बोलणार. तिने फक्त तिचा ओळखपत्राचा पट्टा बदलून मागितला. माझं नाव तिने आजपर्यंत कोणाकडे घेतलेलं नाही. आणि हेही ऐक, त्या दिवसांत तिला तुझ्या ट्रेमध्ये एकही चूक सापडली नव्हती.

काल संध्याकाळी साहेबांना हे सगळं सांगितलं. माझं काय करायचं ते विचार करून ठरवीन, म्हणाले. धाकटी सोमवारी तुझ्या विभागात परत येते आहे. तिच्याशी बोल. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

आणि आजच का लिहिलं, ते सांगते. शेवटचा निरोप मी ह्या बुधवारी तयार केला. कोणीही कोणाच्या फाइलचा बंद भाग उघडला की ज्याची फाइल त्याला तत्काळ कळणार. तो सोमवारी सकाळी नऊ वाजता सुरू होतो. सेटिंगमध्ये एक चौकोन होता, ‘मागील सहा महिन्यांच्या नोंदीही कळवाव्यात.’ तो रिकामा ठेवला असता तर साहेबांनाही पत्ता लागला नसता. दोन दिवस मी त्या चौकोनाकडे बघत होते. मग काल दुपारी खूण केली. सोमवारी नऊ वाजता तुझ्या फोनवर येईल की तुझा वैद्यकीय भाग सात वेळा उघडला गेला, आणि सातही वेळा नाव माझं असेल. ते तू यंत्राकडून वाचण्याआधी माझ्याकडून वाचावंस, एवढ्यासाठी हा कागद मी आज तुझ्या दाराच्या फटीतून आत टाकणार आहे. बेल वाजवणार नाही. निरोपाच्या खाली तक्रारीचं बटण आहे. ते दाबलं की तक्रार साहेबांच्याही वर जाते. नीट चालतं, मी स्वतः दोनदा तपासून पाहिलं आहे.

तुझीच,
हजेरी