ओझं न वाहिलेली गाडी

३ मार्च, सोमवार

नऊ वर्षांत धाकटीचे मला चार फोन. त्यातले दोन हे गेले त्या आठवड्यातले. आज पाचवा, तोही मी दात घासत असताना! ‘ताई, कशी आहेस’ झालं न झालं तोच, ‘भाऊजींची पिकअप आठ-दहा दिवस देशील का? रोपं हलवायचीत.’

तोंडात फेस होता म्हणून वाचली.

तिच्या नर्सरीची जागा मालकाने विकली. पंधरा तारखेला मोकळी करून द्यायची. बोळात ट्रक शिरत नाही. टेंपो ठरवला, तर टेंपोवाल्याने कुंड्या एकावर एक रचल्या आणि एका खेपेत साठ रोपं मोडली. असेल, सगळं खरं असेल. पण मागावं काय माणसाने? एक्केचाळीस वर्षं ह्यांनी ही गाडी तळहातावरच्या फोडासारखी जपली. रंग मूळचा, आरसे मूळचे, सीटची शिवणसुद्धा मूळची. मागच्या हौद्यात लाकडी फळ्या आहेत, त्यांना दर वर्षी वॉर्निश. माझं शिलाई मशीन या घरात आलं ते हातगाडीवरून! दारात गाडी उभी, आणि मशीन हातगाडीवर. ‘फळ्यांना चरे पडतील गं.’ तिथे हिच्या चिखलाच्या कुंड्या?

नाही म्हणाले. म्हणजे ‘बघते’ म्हणाले. तोंडावर नाही म्हणायला कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी शिकवलंच नाही. बाकी सगळं शिकवलं.

४ मार्च

परत फोन. उचलला नाही. एकतीस वर्षं हॉस्पिटलचा टेलिफोन बोर्ड सांभाळला. फोन नुसता वाजू देण्याची ही पहिलीच वेळ. तिच्यामुळे!

५ मार्च, बुधवार

मुलाला सांगितलं. ‘आई, मुळीच देऊ नकोस. बाबांची आठवण आहे ती.’

माझं मत तेच त्याचं मत. तरी डोकं सणकलं. ‘दोन वर्षांत कितीदा पुसलीस ही आठवण?’

‘अगं, मी इथे असताना—’

‘बरोबर. तू तिथे, आठवण इथे, फडकं माझ्या हातात.’

महिन्यातून दोनदा गाडी बाहेर काढून चौकाला वळसा घालून आणते. बॅटरी उतरू नये म्हणून. परत आल्यावर चाकं पुसते. ही माझी अडुसष्टाव्या वर्षातली करमणूक.

मग म्हणतो, ‘पण मावशीवर तुझा अजून एवढा राग?’ एवढा! मी शब्द टाकून तिला बोर्डावर चिकटवलं. माझ्या निवृत्तीला सहा महिने राहिलेले. सोळाव्या दिवशी बाई नोकरी सोडून मोकळ्या. कारण काय, तर खोलीला खिडकी नाही! साहेबांपुढे मी तोंडघशी. आणि हिने बोळाच्या टोकाला उतारावरची पडीक जागा भाड्याने घेऊन तुळशी-बिळशी लावल्या. मी तेव्हाच सांगितलं होतं, तुझ्या दारातलं एक पानसुद्धा माझ्या घरात येता कामा नये. आलं नाही. मी शब्दाची पक्की आहे.

७ मार्च

जुन्या गाड्यांच्या क्लबचे सेक्रेटरी आले. भर उन्हात टाय. वीस तारखेच्या प्रदर्शनात आपली पिकअप पहिल्या रांगेत. समोर लावायची पाटीसुद्धा छापून आणली होती— ‘एकदाही ओझं न वाहिलेली’. अशी दुसरी गाडी सापडणं अशक्य म्हणे. हौद्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, हात मागे बांधून, देवळात आल्यासारख्या.

‘एक चरा नाही, मॅडम! एक चरा नाही!’

मी चहा दिला. पाटी ठेवून घेतली. बरं झालं. आता धाकटीला सांगायला कारण आहे. कारण असलं की मला बरं वाटतं.

मग ती पाटी टेबलावर ठेवून भाजी निवडत बसले आणि उगाचच चिडत राहिले. ओझं वाहण्यासाठीच बनवलेल्या वस्तूचं हे कौतुक! उद्या मला कुणी म्हणालं, ‘या बाईंनी एकतीस वर्षांत एकही फोन उचलला नाही’, तर मी हार घालून घेऊ?

तरीही. नाही म्हणजे नाही.

९ मार्च, रविवार

बसने गेले. नुसतं बघायला. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

धाकटी गुडघ्यापर्यंत मातीत. केस सगळे पांढरे, हिचे! माझ्याहून चौदा वर्षांनी लहान.

‘आलीस?’

‘इकडे काम होतं.’

‘रविवारी?’

‘रविवारी कामं नसतात का माणसाला?’

हसली. तिला माझं खोटं लहानपणापासून कळतं.

मोडलेली रोपं एका बाजूला मांडून ठेवली होती. प्रत्येकाला काडी बांधून, चिंधी गुंडाळून. फ्रॅक्चर वॉर्डच जणू. अकराशे कुंड्या आहेत. मोडून किती राहतील, मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं. ‘सोळा तारखेला सकाळी नवा मालक बुलडोझर आणतोय. उरेल ते उरेल.’ एवढंच. रडगाणं नाही. त्याचाच जास्त राग आला. रडली असती तर मला कडक होता आलं असतं.

उतारावर दगडाचे तीन बांध आहेत, पायऱ्यांसारखे. अगदी ओळंब्यात. एवढं सुबक काम हिच्या हातचं नाही. ‘गवंडी कोण होता?’

‘होता एक. हौशी.’ आणि उठून नळाकडे गेली.

१० मार्च

गॅरेजच्या मिस्त्रीला बोलावलं. ही गाडी ओझं झेपणारी नाही, असं त्याच्या तोंडून हवं होतं. मग मी मोकळी, गाडी मोकळी, आणि दोष म्हातारपणाचा.

तो गाडीखाली सरपटत गेला. नुसते पाय बाहेर.

‘वहिनी, स्प्रिंगचे पाटे ठणठणीत आहेत. हा वरचा जादा पाटा मीच टाकलाय ना.’

‘जादा कशाला?’

‘वजनाला! गाडी मागून बसत होती. साहेब म्हणाले, दगड आहेत, झेपलं पाहिजे.’

‘कुठले दगड?’

पाय हलायचे थांबले. ‘मला काय माहीत? झाली की आठ-नऊ वर्षं.’

‘मिस्त्री, या हौद्याला एक चरा नाही!’

‘वरून नाही,’ तो म्हणाला. ‘फळ्या उलट्या करून बसवल्यात. खालून बघा.’

जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि आडवी झाले. या वयात, या गुडघ्यांनी, शेजारीण गच्चीतून बघत असताना. बॅटरी मारली. फळ्यांची खालची बाजू ओरबाडून निघालीय. बोटभर खोल खोबणी. एका फळीचा टवकाच उडालाय. दगड ओढल्याच्या खुणा, एकावर एक, कितीतरी.

उठवायला मिस्त्रीला हात द्यावा लागला.

११ मार्च

गुरुवारी! त्या वर्षी दर गुरुवारी ह्यांची ‘क्लबची मीटिंग’! सेक्रेटरींना आत्ता फोन करून विचारलं. मीटिंग महिन्यातून एकदा, तीही रविवारी. मी ह्यांच्या केसांतली माती झटकायचे आणि म्हणायचे, ‘एवढं कसलं गाडीखाली शिरणं?’ हे म्हणायचे, ‘चेसिस बघत होतो.’

चेसिस!

माझ्या शिलाई मशीनला जागा नव्हती. हिच्या बांधाच्या दगडांना होती!

१२ मार्च

रागाच्या भरात तिला फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला. फोनपाशीच बसलेली असणार.

‘हौशी गवंडी म्हणजे कोण गं?’

‘तुला कुणी सांगितलं?’

‘फळ्यांनी!’

मग सगळं सांगितलं. त्या पावसाळ्यात हिचा उतार खचत होता. बांध घातला नसता तर पहिल्याच वर्षी गाशा गुंडाळावा लागला असता. हे एका गुरुवारी आपणहून गेले. गाडी दगडांनी भरून. पुढे पाच महिने, दर गुरुवारी. शर्ट काढून फांदीला टांगायचे म्हणे, मला डाग दिसू नयेत म्हणून. बांध झाल्यावर तिथेच फळ्या सोडवल्या, उलटल्या, वॉर्निश मारलं.

‘मला का नाही सांगितलंत? दोघांनी!’

‘मी म्हणायचे त्यांना, सांगा ताईला. ते म्हणायचे, तुम्हा बहिणींच्या मधे मी बोलणार नाही. दगड तेवढे आणून टाकतो.’

मी फोन ठेवला. आपटला म्हणायला हरकत नाही.

स्वयंपाकघरात उभी राहून एकटीच मोठ्याने भांडले ह्यांच्याशी. चांगलं अर्धा तास. एवढी मी वाईट? घरात, शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाने माझ्याच बहिणीला मदत करायची ती चोरून? मला भ्यायचात का हो? विचारलं. दोनदा विचारलं. उत्तर मला माहीत आहे, म्हणूनच एवढा आवाज चढला.

१३ मार्च, गुरुवार

सेक्रेटरींना कळवलं, गाडी येणार नाही. ‘पण मॅडम, पाटी छापलीय!’ म्हटलं, पाटी खोटी आहे. त्यांना वाटलं, माझी तब्येत बरी नाही. ‘मॅडम, अशा गाडीवर ओझं लादणं म्हणजे गुन्हा आहे हो.’ म्हटलं, मग मला धरून न्या. पण सोळा तारखेनंतर. तोवर वेळ नाही.

मुलाचा फोन. ‘आई, बाबांना काय वाटलं असतं?’

‘त्यांना जे वाटलं ते फळ्यांच्या खालच्या बाजूला आहे. ये आणि वाच.’

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी सातला गाडी बोळात घातली. दोन्ही आरसे दुमडून. डावीकडे भिंतीला घासली, दाराच्या कडेपर्यंत पांढरी रेघ. धाकटी धावत आली, ‘अगंबाई, ताई, रंग!’ मी म्हटलं, मागचा फाळका पाड आणि भरायला लाग.

कुंड्या एकीला एक टेकवून, उभ्या, मधे ओलं गोणपाट. तिने रचल्या, मी दोर बांधला. माझा दोर सैल आहे म्हणाली. तुझ्या कुंड्या तरी सरळ आहेत का, मी म्हटलं. बरं वाटत होतं. लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच नाकबूल करीन.

ती शेजारी येऊन बसली. मी इंजिन सुरू केलं. ‘हं, कुठे घ्यायची?’

ती नखांतली माती काढत बसली.

‘अगं, पत्ता सांग. पेट्रोल जळतंय.’

‘ठरलेली जागा परवा हातची गेली,’ ती म्हणाली. ‘म्हटलं, तुला सांगितलं तर गाडीही देणार नाहीस.’

अकरा दिवस! मुलाने डोकं खाल्लं, टायवाल्याने खाल्लं, मी स्वतःचं खाल्लं. गाडी द्यावी की देऊ नये. त्यात ओझं टाकावं की टाकू नये. रंग जाईल, फळ्या जातील. ते उतरवायचं कुठे, हे एका शहाण्याने विचारलं नाही. सगळ्यात शहाणी मी, मीही नाही!

इतकं बोलले तिला, इतकं बोलले की घसा बसला. ती मान खाली घालून ऐकत होती. मागे दीडशे रोपं इंजिनबरोबर थरथरत होती.

मग गिअर टाकला.

१६ मार्च

दोन दिवसांत नऊ खेपा. आमच्या गाडीच्या शेडमध्ये सावलीतली रोपं, माझ्या अंगणात उन्हातली, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर गुलाब. गाडी रस्त्यावर. फळ्यांची पार वाट लागली.

धाकटी म्हणते, दोन महिन्यांत जागा शोधून निघते. मी म्हटलं, निघून तर बघ!