डावी बाही

४ नोव्हेंबर

चि. छोटीस,

अ. उ. आ. सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. ठीक काही नाही. आई दुकानात आली आहे.

घाबरू नकोस. भुतांचे कपडे शिवण्यात आपला जन्म गेला, आज ना उद्या तीही गिऱ्हाईक म्हणून येणारच होती. पुढे जायला मेलेल्या माणसाला अंगभर नवा कपडा लागतो, हे तिनंच शिकवलं. रीतसर खडूची भुकटी फुंकली, हवेत तिचा आकार उठला, त्यावरून माप घेऊन लांब बाह्यांचा झगा शिवला. तर बाईसाहेबांनी डावी बाही उसवली! पुन्हा लावली, पुन्हा उसवली. बाकी झग्याला हात नाही.

आता दिवसभर येरझारा. खण उघडते, लावते. वारलेल्या पोस्टमनकाकांची तयार विजारही उसवून ठेवली, काका बिचारे पडद्याआड उभे आहेत. तुझी वहिनी म्हणते, सासूबाई जिवंत असताना निदान जेवायला तरी बसायच्या.

बाही तिला तुझ्या हातची हवी आहे, एवढं मला कळतं. दोन दिवस ये. लोभ आहेच, बाही हवी.

तुझा,
दादा

९ नोव्हेंबर

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून हसू आलं नि रडूही. मी येणार नाही. कारखान्यात सुट्टी नाही, हे लिहिण्यापुरतं कारण.

खरं सांगू? तिनं माझा एक टाका कधी धड म्हटला नाही. भर दुकानात बाही उसवायची नि म्हणायची, पुन्हा कर. शेवटी कात्री ठेवली नि निघून आले. इथे दिवसभर बाह्याच शिवते, त्याही डाव्या. उजव्या पलीकडची बाई शिवते. कुणी उसवत नाही, कुणी बघतही नाही. मेल्यावरही तिला माझीच शिवण उसवायची आहे का? तूच लाव, चांगली घट्ट लाव.

पोस्टमनकाकांना तोवर एखादी चादर तरी दे रे! रागावलास तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
छोटी

१३ नोव्हेंबर

चि. छोटीस,

आशीर्वाद, पण घाईतले. काल पुन्हा खडू फुंकला. डाव्या कोपराखाली भुकटी थांबलीच नाही. उघडं राहिलेलं भूत विरतं, तुला माहीत आहे. आज दंडही गेला. सगळीच विरली तर ती पुढेही जाणार नाही नि इथेही उरणार नाही.

येणं होत नसेल तर टपालानं पाठव. माप मात्र मागू नकोस, मोजायला हातच उरलेला नाही. तुला आठवेल तेवढी लांबी धर.

वाट बघणारा,
दादा

१८ नोव्हेंबर

ती. दादास,

सा. न. बाही सोबत आहे. मशीन वापरलं नाही. माप चुकणार नाही. उसवताना ती डाव्या हातानं कापड धरायची, तो हात सारखा माझ्या नाकासमोर असायचा. मनगटाचं हाड नेमकं कुठे येतं ते डोळे मिटून सांगेन.

पहिल्या दोन मीच उसवल्या. तिचीच लेक ना! हीसुद्धा ती उसवेल. उसवली तर कळवू नकोस.

तुझी,
छोटी

२३ नोव्हेंबर

चि. छोटीस,

अ. उ. आ., आज मनापासून.

बाही टेबलावर ठेवली आणि येरझारा थांबल्या. बाही आपोआप उलटी झाली. नख दिसत नव्हतं, पण शिवणीवर रेघ उमटत गेली. मनगटाशी थांबली. वहिनीनं माझा हात आवळला. रेघ परत खांद्यापर्यंत गेली. छोटे, तिनं एक टाका उसवला नाही.

मी बाही जोडली. झगा उभा राहिला, दोन्ही बाह्या भरलेल्या. मग झग्याला मी लावलेली कॉलर मात्र उसवली नि माझ्याकडून पुन्हा लावून घेतली! जाताना डावी बाही तिनं उजव्या हातानं दोनदा कुरवाळली. नंतर मी खडू फुंकला, तर भुकटी सरळ फरशीवर पडली.

पोस्टमनकाकांची विजार अजून तशीच आहे. सुट्टी मिळाली तर ये. नाही मिळाली तरी ये.

तुझा,
दादा